शनिवारचं लोखंड

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवाधर्माचं आमच्याकडे फारसं नसल्यामुळे तिथेही नाही. मागच्या शनिवारी मात्र दोन माणसांना सांगून टाकलं — ज्यांना ते कधीच कळायला हवं होतं त्या दोघांना — आणि तेव्हापासून इतकं हलकं वाटतंय की आता तुम्हालाही सांगते. मध्येच थांबले तर पुन्हा धीर व्हायचा नाही, म्हणून ऐकून घ्या.

गोष्ट एका अडकित्त्याची आहे. सुपारी कातरायच्या अडकित्त्याची. हसलात ना? हसा. आमच्या घरीही हसतात. हे तर मला अजून ‘भंगारवाली’ म्हणतात, आणि मी पिशवी घेऊन बाहेर निघाले की विचारतात, आज किती किलो?

मी चिखलीत राहते. शाळेत भूगोल शिकवायचे, आता निवृत्त आहे. निर्मला त्याच शाळेत गणित शिकवायची. ती मूळची संग्रामपूरकडची, शेतकऱ्याची लेक, लग्न होऊन इकडे आली. बोलणं अजून तिकडचंच. वर्गात छापील मराठी आणि स्टाफरूममध्ये पाय ठेवला की “काय वं रत्ने, डब्यात काय आणलं?” रत्ना म्हणजे मी. आई गेल्यावर मला रत्ने म्हणणारी तीच एक उरली होती.

अडकित्त्यांचा नाद तिनेच लावला. आम्हाला दोघींना परवडेल असा छंद तरी कुठला असणार? पैठण्या जमवणार होतो की चांदीची भांडी? जुना अडकित्ता भंगारात वजनावर मिळायचा. एक वेळच्या भाजीच्या पैशात एक नग. कुणाच्या घरचा, कुणी वापरलेला, काही ठाऊक नाही. आणायचा, घासलेटात भिजत घालायचा, तारेच्या ब्रशने गंज काढायचा, मग शिलाई मशीनचं तेल. निर्मलाच्या मागच्या ओट्यावर आम्ही दोघी काळ्या हातांनी बसलेल्या असायचो आणि गंजाखालून हळूच एखादा घोडा निघायचा, कधी मोर, कधी नुसतीच नक्षी. आम्हा दोघींपैकी एकही पान खात नाही, हे वर आणखी.

आमचा एक नियम होता. ज्या वस्तूवर जिचा हात आधी पडेल, ती तिची. वाद नाही. डोणगावच्या बाजारात आम्ही जीपने जायचो तेव्हाही तेच आणि चिखलीत रशीदचाचांच्या दुकानात तेच.

रशीदचाचांचं भंगाराचं दुकान मोंढ्याच्या रस्त्याला. शनिवारी शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी आम्ही तिथे ठरलेल्या. आता गंमत अशी की नेमका शनिवारीच निर्मला काही घेऊ शकत नव्हती. शनिवारी लोखंड विकत घेऊन घरात आणायचं नाही, असं तिच्या माहेरी कडक होतं आणि ते तिने कधी सोडलं नाही. आमच्याकडे तसलं काही नाही. माझ्या वडिलांनी बुद्धाचा फोटो भिंतीवर लावला त्या दिवशीच वार-तिथी घराबाहेर काढल्या. सगळे वार सारखे, माणसाने कसं वागायचं ते बघावं, असं ते म्हणायचे. यातलं दुसरं अर्धं, वागण्याचं, लक्षात ठेवा, मी विसरले होते.

तर निर्मला काय करायची — शनिवारी वस्तू बघायची, हात ठेवायची आणि म्हणायची, “चाचा, ठेवून द्या. उद्या येतो.” आमच्याकडच्या बाया येतोच म्हणतात, तुम्हाला कानाला वेगळं लागेल. चाचा म्हणायचे, “रख देता.” बसायच्या खुर्चीखाली त्यांचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात ती वस्तू जायची. बयाणा नाही, चिठ्ठी नाही. रविवारी सकाळी ही जाऊन घेऊन यायची. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि एकदाही चुकलं नव्हतं.

मी मुद्द्याशी येत नाहीये, कळतंय मला. येते.

त्या साली शाळेच्या स्नेहसंमेलनात आम्हा दोघींना एकेक टेबल दिलं होतं, संग्रह मांडायला. माझे अडकित्ते काही कमी नव्हते. पण गर्दी तिच्या टेबलाशी. मुलं, पालक, पाहुणे म्हणून आलेले साहेब, सगळे तिकडे. तिला सांगता यायचं हो. हा कुठे मिळाला, याच्या दांड्याला घुंगरू का लावलं असेल, सगळं रंगवून. माझ्या टेबलापाशी एक बाई आल्या आणि म्हणाल्या, हे त्या मॅडमचेच उरलेले का? मी हो म्हटलं. का म्हटलं असेन? तोंडातून गेलं. आणि मग ते तोंडातलं कडू महिना-दोन महिने गेलं नाही.

आणि मग तो शनिवार. चाचांकडे कुठल्याशा जुन्या घरातलं सामान आलं होतं. पत्रे, बिजागऱ्या, मोडका पाळणा. त्या ढिगात तो होता. लोखंडी, हातभर नाही पण चांगला लांब, आणि दोन दांड्यांच्या टोकांना दोन राघू. मिटला की दोघांच्या चोची एकमेकींना टेकायच्या. डोळ्यांच्या जागी पितळेचे बारीक ठिपके. मी पाहिला आणि हात पुढे केला — आणि निर्मलाचा हात त्यावर आधीच होता.

तिने दोन्ही राघूंवरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, “रत्ने, माह्या बाबाजवळ होता असा. अगदी असाच.” वडील गेल्यावर भावांनी घरातलं जुनं लोखंड मोडीत काढलं होतं आणि त्यात तो गेला होता. हाच तो, असं ती म्हणत नव्हती. असा एक, एवढंच. इतक्या वर्षांत प्रत्येक ढिगात ती हेच शोधत होती, हे मला त्या दिवशी कळलं. तिने तो उघडून मिटला, तोही चोचींमध्ये बोट ठेवून, आवाज न करता. रिकामा अडकित्ता वाजवला की घरात भांडण होतं, हेही तिच्या माहेरचंच. आणि मग तिने तो चाचांना दिला. ठेवून द्या, उद्या येतो. रख देता. डबा उघडला, बंद झाला.

कोपऱ्यावर आम्ही वेगळ्या झालो. मी घरी आले. चहा केला, प्यायले नाही. आणि पुन्हा चपला घातल्या.

आता हे ऐकून तुम्ही उठून गेलात तरी माझं काही म्हणणं नाही. मी दुकानात गेले आणि चाचांना सांगितलं, निर्मलाबाईंनी पाठवलंय. उद्या त्यांच्याकडे पाहुणे येणार आहेत, यायला जमणार नाही. तर आज मीच घेऊन जाते, माझ्या घरी राहील, त्या नंतर नेतील. चाचांच्या चेहऱ्यावर शंकेची रेघ नाही. उलट खूश झाले. “हे बेस झालं बाई. तुमाले कुठं शनिवार लागते.” कागदात गुंडाळून दिला त्यांनी. मी पैसे दिले आणि बाहेर पडले.

खरंच, मला कुठे शनिवार लागतो? रस्ताभर मी स्वतःला हेच ऐकवत होते. तिचा वेडगळपणा, तिचं नुकसान. एवढा हवा होता तर घ्यायचा होता तेव्हाच, कुणी हात धरला होता? शिकलेली बाई, गणित शिकवते आणि वार पाळते! वडिलांनी आयुष्यभर सांभाळलेलं तत्त्व मी माझ्या चोरीवर पांघरलं. चोरीच म्हणते मी त्याला. पैसे दिले म्हणून काय झालं.

संध्याकाळी तिला फोन केला. म्हटलं, अगं, मी त्या बाजूला गेले होते, चाचांनी तो विकून टाकला. बाहेरगावचा कुणीतरी जास्त पैसे देऊन घेऊन गेला म्हणे. ती म्हणाली, “ठेवतो म्हणलं होतं वं त्यानं.” आणि मग, “ज्याची जबान नाही, त्याच्या दारात मी पाय ठेवत नाही आता.”

ती असंच म्हणणार, हे मला माहीत होतं. तिचा स्वभाव मला माझ्या स्वयंपाकघरासारखा ठाऊक. ती जाब विचारायला जाणार नाही, भांडणार नाही, फक्त जाणं सोडेल. सगळं मी त्यावरच बेतलं होतं. रागाच्या भरात केलं असं म्हणायलाही मला जागा नाही.

ती गेली नाही. दहा-अकरा वर्षं गेली नाही. आणि एवढ्यावर भागलं असतं तरी — नाही, भागलं नसतंच. पण निर्मला मनात ठेवणाऱ्यातली नाही. स्टाफरूममध्ये बोलली, शेजारणींत बोलली. रद्दी, जुनी भांडी, मोडकी सायकल, आमच्या शाळेतल्या सगळ्यांच्या घरचं चाचांकडे जायचं, ते हळूहळू दुसरीकडे जायला लागलं. त्या माणसाचं बोलणं खरं नसतं, असं एकीने मलाच सांगितलं. मी मान हलवली. त्या माणसाचं उभ्या जन्मात बोलणंच तेवढं खरं होतं, आणि मी मान हलवली.

मी मात्र चाचांकडे जात राहिले. जाणं बंद केलं असतं तर त्यांना संशय आला असता, म्हणून. ते विचारायचे, त्या बाई काऊन येत नाहीत? मी म्हणायचे, गुडघे दुखतात त्यांचे. एकदा त्यांनी पितळेची चुन्याची डबी काढून ठेवली होती, बारीक कमळ कोरलेली. पैसे घेतले नाहीत. “त्यायले द्या. म्हणा, चाचाने दुवा केली गुडघ्यासाठी.” मी ती निर्मलाला दिली. मेहकरला मिळाली म्हणून सांगितलं. तिच्या काचेच्या कपाटात ती पुढच्या रांगेत आहे आणि आल्यागेल्याला ती सांगते, ही माझ्या रत्नाने आणली.

आणि राघू? त्याचं काय केलं असेन मी? काचेच्या कपाटात ठेवता येत नाही. निर्मला दर आठवड्याला घरी येणारी. तो गव्हाच्या कोठीत गेला. तेल लावून, फडक्यात, वरून प्लास्टिकची पिशवी, तळाशी, कडुनिंबाच्या पाल्याखाली. दर उन्हाळ्यात नवे गहू भरायच्या आधी, हे बाहेर गेलेले बघून मी तो काढायचे. पुसायचे, तेल द्यायचे, पुन्हा बांधायचे. गंज चढू दिला नाही, एवढं मात्र खरं. पण उघडून बघायला मन व्हायचं नाही. कुणाला दाखवायचा? आमच्या छंदातली मजा सगळी दाखवण्यात होती आणि दाखवायची तिलाच. बाकी लोक काय, आज किती किलो विचारणारे. कोठीत गहू खाली जायला लागले की मी दिवसातून दोनदा झाकण उघडून बघायचे. सून दळणाला गहू काढायला गेली की मी ओरडायचे, थांब, मी काढते. तिला वाटायचं, सासू गव्हाला हात लावू देत नाही. तिचीही मी गुन्हेगार आहे म्हणायची.

मग या दिवाळीनंतर चाचांकडे गेले तर दुकान आवरायला काढलेलं. मुलाला तिथे मोबाइलचं काहीतरी टाकायचं आहे. चाचा खुर्चीत बसून होते, पाय सुजलेले. मी जायला निघाले तर म्हणाले, “बाई, एक गोष्ट खरी सांगा. माह्याकडून काही चुकलं काय त्या बाईचं? मी बहुत याद करतो. कायी आठवत नाही.”

म्हणजे इतकी वर्षं हा माणूस स्वतःची चूक शोधत बसला होता.

मी काय बोलले, मला आठवत नाही. घरी आले. भाकरी तोंडात फिरत राहिली. आणि खरं सांगू? त्या दिवशी पहिल्यांदा मला भीती वाटली नाही. इतके दिवस वाटायचं, कळलं तर काय होईल? त्या दिवशी वाटलं, कळलं नाही तर काय होईल? हे दुकान बंद होणार, म्हातारा हा प्रश्न घेऊन जाणार आणि निर्मला आपल्या तोंडाने एका सरळ माणसाला नावं ठेवत राहणार.

निर्मलाला म्हटलं, माझ्यासोबत चाचांच्या दुकानात चल. ती म्हणाली, “मी नाही येत. तुले माहीत नाही काय?” म्हटलं, माझ्यासाठी ये, पुन्हा काही मागणार नाही. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पदर खोचून निघाली. गुडघे तिचे आता खरंच दुखतात. ऑटो केला.

दुकानात तिघंच होतो. चाचा तिला बघून उठायला लागले, तिने हातानेच बसा म्हटलं. मी पिशवीतून ते फडकं काढून त्यांच्या पुढ्यातल्या फळीवर ठेवलं आणि सोडलं. तेल लावलेला, काळा, लखलखीत. मग मी सांगितलं. सगळं, डबीसकट, गुडघ्यासकट. फार वेळ लागला नाही. इतकी वर्षं जे मला डोंगराएवढं वाटत होतं, ते सांगायला चार-सहा वाक्यं लागली.

रस्त्यावरून कापसाच्या गाड्या जात होत्या.

निर्मलाने तो उचलला. उघडला. मिटला — चोचींमध्ये बोट ठेवून, न वाजवता. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. चाचांकडे पाहिलं आणि म्हणाली, “चाचा, गावभर नावं ठेवली मी तुमाले. जो भेटला त्याले सांगतलं.” चाचांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग वाकून खुर्चीखालचा पत्र्याचा डबा ओढला. मुलाने सगळं आवरलं होतं, तो डबा तेवढा अजून तिथेच होता. त्यातले खिळे त्यांनी कागदावर ओतले, फडक्याने तळ पुसला आणि उघडा डबा फळीवर ठेवला. मला वाटलं, आता ते बुडालेल्या धंद्याचं, पैशांचं काहीतरी बोलतील. मीही तयारीनेच गेले होते.

निर्मलाने डब्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

“आज शनिवार हाय,” ती म्हणाली.

मी वार पाहिलाच नव्हता. मी पाहतच नाही ना! पायांनाच सवय, शनिवार दुपार म्हणजे चाचांचं दुकान, तशी मी तिला घेऊन आले होते. जे घेतलं तेही शनिवारी, द्यायला आणलं तेही शनिवारी.

तिने राघू अलगद डब्यात ठेवला.

“ठेवून द्या चाचा. उद्या येतो.”

“रख देता,” चाचा म्हणाले.

डब्याचं झाकण लागलं. मी पायरी उतरले. मागून मला कुणी हाक मारली नाही आणि मी तशी वाटही पाहिली नाही. चाचांनी टपरीवरच्या पोराला चहा सांगितल्याचं ऐकू आलं, तोवर मी रस्ता ओलांडला होता. घरापर्यंत चालत आले. रस्त्यात भाजी घेतली, मेथी चांगली होती. त्या संध्याकाळी मी दोन भाकरी खाल्ल्या आणि पाठ टेकताच झोप लागली. अशी झोप मला लागू नये असं कुणी म्हणालं तर त्याचंही बरोबर आहे. पण लागली.

निर्मला रविवारी दुकानात गेली की नाही, मला ठाऊक नाही. तिचा फोन आलेला नाही. मी केलेला नाही. तिच्या कपाटातली चुन्याची डबी आता कुणाच्या नावाने सांगितली जाते, हेही माहीत नाही.

रविवारी सकाळी सून दळणाचा डबा घेऊन कोठीपाशी उभी होती, माझ्याकडे बघत, मी नेहमीसारखी ओरडेन म्हणून. मी म्हटलं, काढ की. ती काढेना, म्हणून मीच बाही वर करून हात घातला, पार तळापर्यंत. बोटांना कडुनिंबाचा पाला लागला. बाकी नुसते गहू होते.